मागच्या सीटवर कोण बसणार?

"ते सगळं खरं हाय, पावणं. पण मागं कोण बसणार?"

हा प्रश्न आला की समोरचं गिऱ्हाईक हमखास गोंधळायचं. बिचारा आलेला असायचा गाडी जमिनीला टेकवायला. मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी गाड्या दाखवत असायचा, स्प्रिंगचे रंगसुद्धा ठरवून आलेला असायचा. आणि हा सव्वाशे किलोचा माणूस गाडीच्या बॉनेटचा कोपरा तळहातानं खाली दाबायचा, सोडायचा, गाडी वर येऊन कशी थांबते ते डोळे बारीक करून बघायचा आणि मागच्या सीटची चौकशी करायचा.

"मागं कोण नसतंय. मी एकटाच असतोय."

"लगीन?"

"अजून न्हाय."

"हुईल की. आई हाय?"

"हाय."

"गुडघं दुखत्यात?"

आता गाडी वळणात चांगली चालावी म्हणून आलेल्या पोराला आईच्या गुडघ्यांचं विचारल्यावर तो काय बोलणार? तो माझ्याकडे बघायचा. मी वर बघायचो. त्याच्या शेजारी दुकान थाटून बसल्यामुळे अशा वेळी पत्र्याच्या छताकडे बघण्यात मी तरबेज झालो होतो.

शिरोली एमआयडीसीच्या फाट्याजवळ आमची दोन दुकानं, मध्ये एक पत्र्याची भिंत. त्याचं सस्पेन्शनचं काम, माझं व्हील अलाइनमेंटचं. म्हणजे गाडी किती उंच बसावी, किती कडक असावी, खड्ड्यातून कशी सावरावी हे तो बघायचा, आणि मग चाकं सरळ आहेत की नाहीत ते मी. वयानं मी त्याच्यापेक्षा लहान, पण आमच्या जैन घरात मला सगळे अण्णा म्हणतात म्हणून तोही अण्णाच म्हणायचा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला ते आवडलं नसतं, आणि का आवडलं नसतं ते पुढे कळेलच.

कोल्हापुरात गाड्यांचा नाद तुम्हाला मी सांगायला नको. फौंड्रीवाल्यांची पोरं, उसावर ट्रॅक्टर घेऊन झाल्यावर शर्यतीची गाडी घेणारे, डॉक्टर, सगळे त्याच्याकडे यायचे. पन्हाळ्याच्या वळणांवर गाडी कलते, मागचा भाग ओढल्यासारखा वाटतो, काहीतरी करा म्हणायचे. बहुतेकांना वाटायचं, गाडी खाली बसवली आणि दगडासारखी कडक केली की झालं काम. याचा क्रम वेगळा होता. आधी टायर, मग टायरमधली हवा, मग झिजलेले रबरी बुश, मग शॉकअप. स्प्रिंगला हात सगळ्यात शेवटी. गिऱ्हाइकांचा क्रम नेमका उलटा असल्यामुळे रोज भांडण ठरलेलं.

"चाक भुईला टेकलं तर गाडी वळंल की! हवेत उडालेलं चाक कुणाला वळवतंय?" हे तो एवढ्या मोठ्यानं म्हणायचा की माझ्या मशीनवरचा माणूस दचकायचा.

एकदा एका कारखानदाराचा मुलगा लाल रंगाची जबर गाडी घेऊन आला. बाहेरून मागवलेले अतिशय कडक शॉकअप त्यात आधीच बसवलेले होते, आणि खालचा आडवा दांडा, म्हणजे वळणात गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा, तो आणखी जाड हवा होता. यानं त्याच्याकडून किल्ली घेतली, त्यालाच मागच्या सीटवर बसवलं आणि एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवरून एक चक्कर मारून आणली. मुलगा उतरला तेव्हा कमरेवर हात ठेवून उतरला. "माझी आज्जी ह्यात बसली हुती परवा," एवढंच म्हणाला. दांड्याचा विषय तिथेच संपला.

त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात सरकी पेंडीची पोती रचलेली असायची. नवीन माणसाला वाटायचं, जोडधंदा जनावरांच्या खाद्याचा दिसतोय. पण ती पोती म्हणजे त्याची माणसं. स्प्रिंग निवडायची वेळ आली की गाडीच्या मागच्या सीटवर पोती बसवायची, डिकीत एखादं ठेवायचं, आणि मग गाडीच्या पोटाखाली किती जागा उरते ते जमिनीवर आडवं पडून बघायचं. एवढा मोठा देह तो जमिनीवर घालायचा तेव्हा आम्ही सगळे हसायचो. तोही हसायचा. मात्र पोत्यांशिवाय त्यानं कुणाची गाडी हातावेगळी केलेली मी पाहिली नाही.

स्वभावानं तोंडाळ. चुकलं की गिऱ्हाइकाच्या सासऱ्यासमोर गिऱ्हाइकाला झाडणार. पण सूर्य कलला की त्याचा आवाज भिंतीवरून यायचा, "ए, उठा सगळी. अण्णाचं जेवण चुकतंय." आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात. ते मी विसरायचो, तो कधी विसरला नाही. माझ्या मशीनवर अर्धवट राहिलेली गाडी तो स्वतः ढकलून बाहेर काढायचा.

त्याच्या दुकानात एक गोष्ट वारंवार सांगितली जायची. गाड्यांच्या नादातल्या माणसांत ती जिल्हाभर फिरते. तुम्हीही ऐकली असेल. कुणी एका हौशी पोरानं गाडी खाली बसवली आणि त्याच गाडीतून बहिणीची पाठवणी करायला निघाला. सासरच्या गावच्या वेशीत स्पीडब्रेकर आला आणि गाडी त्यावर पोटावर बसली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, मध्ये गाडी झुलतेय. बँड वाजतोय आणि नवरी खाली उतरून चिखलातून चालत सासरी गेली. सांगणाऱ्याप्रमाणे गाव बदलायचं, गाडीचा रंग बदलायचा, पण स्पीडब्रेकरवर सगळे पोट धरून हसायचे. मीही हसलोय.

सगळ्यात मोठ्यानं तो हसायचा. आणि हसणं ओसरलं की सांगणाऱ्याला विचारायचा, "आन् नवरी? ती कशी पोचली?"

ते कुणालाच माहीत नसायचं. गोष्ट स्पीडब्रेकरवर संपायची.

दुसरी एक गोष्ट मी दर वर्षी डोळ्यांनी बघत होतो आणि त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नव्हतं. भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जायचं, ही आपल्याकडची रीत. हा भाऊबीजेला दुकान उघडायचा. दुपारच्या एस्टीनं त्याची मोठी बहीण यायची, गगनबावड्याच्या रस्त्याला असलेल्या तिच्या गावाहून, पिशवीत ताट, निरांजन, करदोडा, फराळाचा डबा सगळं घेऊन. त्याला ती एका टायरवर बसवायची, डोक्यावर रुमाल टाकायला लावायची आणि लोंबणाऱ्या स्प्रिंगांच्या मधोमध ओवाळायची. "बाळ, तोंड वर कर," म्हणायची. सव्वाशे किलोचा बाळ तोंड वर करायचा. मग माझ्याकडे फराळ घेऊन यायची. मी विचारायचो, "आक्का, हा का येत नाही हो तुमच्याकडं?" ती म्हणायची, "त्याला काम असतंय." तो भिंतीपलीकडून म्हणायचा, "काम असतंय, अण्णा."

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती टायरशेजारीच उभी राहिली.

"पोरीचं लगीन ठरलं. वैशाखात हाय. पाठवणीची गाडी तुझी."

"मोठी गाडी करू की, आक्का. पांढरी. फुलं लावून..."

"पांढरी नको. नारिंगी पायजे."

त्याच्या दुकानामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी नारिंगी गाडी होती, हे मला माहीत होतं. ताडपत्री उचलून बघितल्याबद्दल एकदा माझ्यावर ओरडलाही होता. एरवी मोडक्या शॉकअपचासुद्धा सौदा करणारा माणूस त्या गाडीचं नाव काढलं की "इकायची न्हाय" म्हणून आत निघून जायचा.

"ती आता कुठं चालतीया?" तो म्हणाला.

"तू जिल्ह्याच्या गाड्या चालवतोस. ती चालव. सगळ्या गाड्या माझ्या दारात आल्या, तेवढी आली न्हाय."

तो हात धुवायला म्हणून उठला. हात धुतलेलेच होते. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि आक्कानं मला ती गोष्ट स्पीडब्रेकरच्या पुढे सांगितली.

गोष्टीतला पोरगा हाच होता. विशीतला, नुकताच गॅरेजमध्ये शिकून बाहेर पडलेला. बहिणीची पाठवणी आपल्याच गाडीतून होणार म्हणून महिनाभर गाडीवर खपत होता. गाडी देखणी दिसावी, वळणावर चिकटून चालावी म्हणून त्यानं स्प्रिंगचे वेढे ग्राइंडरनं कापले, आणि एकटा बसून गगनबावड्याच्या रस्त्यावर चालवून बघितली. झकास चालली. लग्नाच्या दिवशी मात्र मागे नवरा-नवरी आणि पाठराखीण मावशी, पुढे तो आणि नवऱ्याचा मामा, डिकीत रुखवताची पितळी भांडी. वेशीतला स्पीडब्रेकर गावानं स्वतःच सिमेंट ओतून केलेला, म्हणजे उंचीला काही धरबंध नाही.

"मी चालत गेलो त्याचं मला कायबी वाटलं न्हाय ओ, अण्णा," आक्का म्हणाली. "ह्यांनी माझा शालू वर धरलावता, आम्ही दोघं हसतच गेलो. बायका अजून मला पायी आलेली म्हणत्यात, मीबी म्हणतो. मावशीला कुणीतरी मोटरसायकलीवर न्हेलं, ती मागनं आली. पर दारात माप ओलांडताना मी मागं वळून बघितलं. माझ्या म्हायेरचं कोण उभं न्हवतं. ह्यो गाडीखाली. ट्रॅक्टर लावून गाडी वडली आणि तसाच परत गेला. पाणीसुदीक प्यायला आला न्हाय. अजून आला न्हाय."

तेव्हा मला त्याचं मोठमोठ्यानं हसणं आठवलं आणि त्याच्यासोबत मी कितीदा हसलो तेही. मान वर करून आक्काकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री निघाली.

एक गाडी एवढ्या चिकित्सेनं जुळवताना मी कुणाला कधी बघितलं नाही, आणि माझं निम्मं आयुष्य गाड्यांखाली गेलंय. कापलेल्या स्प्रिंग काढून त्यानं बाहेर फेकल्या आणि परत जाऊन उचलून आणल्या, का कोण जाणे. नवीन स्प्रिंगचे तीन जोड आणले. पहिला जोड लावला, पोती बसवली, चक्कर मारून आला. म्हणाला, "मऊ हाय, पण वळणात लोळती." दुसरा लावला. "वळती झ्याक, पर नवरीचं डोस्कं टपाला लागंल." गिऱ्हाइकांना दोन वाक्यांत गप्प करणारा माणूस स्वतःच्या गाडीपुढे तासनतास गप्प उभा राहायचा. मी म्हटलं, "अरे, पाठवणीची गाडी आहे, शर्यतीची नाही. उंच कर, मऊ कर, सोडून दे." तर म्हणाला, "तशी पांढरी गाडीबी असती की. ही नारिंगीच वाटाय पायजे तिला. फक्त टेकाय नको." शेवटी स्प्रिंग जरा मऊ आणि शॉकअप चांगल्या प्रतीचे, सावरून धरणारे, असा मेळ बसला. मग पोती उतरवली आणि आमच्या दोन्ही दुकानांतली माणसं मागे बसवली. माझ्या बायकोला घरून बोलावून घेतलं, कारण नवरीच्या बांध्याचं दुसरं कोणी नव्हतं. ती डोक्यावर पदर घेऊन बसली आणि हसू दाबून दाबून लाल झाली.

शेवटी गाडी माझ्या मशीनवर आली. तो स्वतः स्टिअरिंगमागे बसला. गाडी उजव्या बाजूला दबली.

"माझं वजन धरून लाव," म्हणाला. "गाडी मीच चालवणार हाय."

"तुझं वजन धरलं तर मशीनच्या काट्याला त्रास होतोय."

"होऊ दे की. त्या दिवशी समद्यांचं वजन धरायचं ऱ्हायलंवतं."

त्याच्या बाजूची स्प्रिंग त्यानं त्याप्रमाणे उचलून घेतली, आणि मी त्याला बसवूनच गाडी सरळ केली. तो बसला की चारी बाजूंनी एका रेषेत. उतरला की उजवीकडे बोटभर वर.

रविवारी सकाळी आम्ही दोघं ती घेऊन पन्हाळ्याला गेलो. काय सांगू तुम्हाला! वळणावळणाला गाडी आपण होऊन आत येत होती, खड्डा आला तर गिळून टाकत होती. मी खूश होऊन त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा कोरा होता. बुरुजाच्या अलीकडे एका सपाट जागी त्यानं गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि समोर बघत बोलायला लागला.

"आक्कानं सांगितलं न्हवं तुला?"

"हो."

"तिला म्हाईत न्हाय ते सांगतो. गाडीखालनं मला नुसतं पाय दिसत हुतं सगळ्यांचं. त्यात तिचं दिसलं. मेंदीचं, जोडवी घातल्यालं. चार पावलं गेली आन् थांबली. पाय माझ्याकडं वळलं. मी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर बघत हुतो. तेल गळतंय का बघत हुतो."

मी माझ्या बाजूची काच खाली घेतली.

"तेल गळत न्हवतं, अण्णा. मला आधीच दिसलंवतं. तरीबी भाईर आलो न्हाय. समदी हसत हुती, मला त्वांड दाखवायची लाज वाटली. मग पाय परत फिरलं आन् गेलं. त्येची लाज आता हाय. ती पयली कवाच गेली, ही जाईना. कुणाच्याबी गाडीखाली पडलो की मला पायच दिसत्यात."

"मग हे आक्काला सांग की."

"सांगणार हाय. वेशीत गाडी थांबवणार. तिला तिथं बोलवून घेणार, मागं बसवणार आन् दारापतोर न्हेणार. तेवढाच रस्ता ऱ्हायलाय." त्यानं गाडी चालू केली. "मग सांगतो."

होळी झाली आणि एका सकाळी वहिनींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. चहाचा कप हातात घेऊन तो अंगणात उभा होता, तिथेच बसला आणि गेला. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलंच नव्हतं. आक्का आली ती त्याच्या उशाशी बसली, कोणी तिला तिथून उठवू शकत नव्हतं. मी लांब भिंतीशी उभा होतो. तो जे सांगणार होता ते मला माहीत होतं आणि तिला नव्हतं, आणि तिच्यासमोर असं भरलेल्या तोंडानं उभं राहणं मला जड जात होतं.

लग्न पुढे ढकलायचं नाही असं आक्कानंच ठरवलं. मला निरोप आला: बाळची गाडी तुम्ही आणा.

मी अंगानं काडी. त्याच्या सीटवर बसलो तर सीट मागे सरकवलेली, स्टिअरिंगपर्यंत हात पोचेनात. सीट पुढे घेताना मला कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखी लाज वाटली. गाडी उजवीकडे उचललेली होती, माझ्या वजनानं तिला काही फरक पडला नाही. मी तशीच नेली. अलाइनमेंटवाल्याची गाडी तिरकी म्हणून रस्त्यात एक-दोघा ओळखीच्यांनी हात करून दाखवलंसुद्धा.

वेशीत आक्का एकटी उभी होती. मंडप पुढे दिसत होता, घर भरलेलं, आणि नवरीची आई इथे रस्त्यावर. मी स्पीडब्रेकरच्या अलीकडे थांबलो. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तो बोलावणार होता, पण ते बोलणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"थांबा, अण्णा. मी हितनं बसतो," म्हणाली आणि मागचं दार उघडून बसली.

मी पहिला गिअर टाकला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. खाली कशालाच काही लागलं नाही. मग मी तिला सांगितलं. पाय, जोडवी, तेल न गळणारा चेंबर, सगळं सांगितलं, समोरच्या रस्त्याकडे बघत, कारण आरशात बघायचं मला धाडस नव्हतं. तो उरलेला रस्ता लांब नाही. मी तो जमेल तेवढा सावकाश नेला.

दारात आलो तरी ती उतरली नाही. आतून कुणीतरी तिला हाका मारत होतं.

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "त्याचा हात हालताना दिसत न्हवता. काम करणाऱ्याचा हात हालतोय की. येडं माझं. एवढं धरून बसलं." मग पदरानं डोळे पुसले आणि सीटवर जरा इकडे, जरा तिकडे सरकून बघितलं. "अण्णा, गाडी उजवीकडं वर हाय का?"

"त्याचं वजन धरून लावलीय, आक्का. म्हणून. मी उद्या सरळ करून देतो."

"नको," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी तिच्या लेकीला मी त्याच गाडीतून पाठवणीला नेलं, आणि ती दारात उतरून माप ओलांडेपर्यंत मागे उभा राहिलो. गाडी आता परत त्या शेडमध्ये आहे, ताडपत्रीशिवाय. मी रोज येता-जाता बॉनेटचा उजवा कोपरा तळहातानं दाबतो. दाबला की खाली जातो. सोडला की परत वर येतो.